तिसरी ओळ

चंदीगडच्या सेक्टर चव्वेचाळीसमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, नंदकुमार दाबक्यांच्या दिवाणखान्यात सात चौकटी ओळीने टांगलेल्या होत्या. सहांत ब्रिटिश काळातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या कमिशनच्या सनदा होत्या. जाड पिवळट कागद, वर शिक्का, आणि ज्याला राजाने जन्मात पाहिलं नाही अशा पोराला ‘विश्वासू व परमप्रिय’ असं संबोधन. सातवी सनद राष्ट्रपतींच्या सहीची होती, त्यांच्या मुलीची. कॅप्टन आश्लेषा दाबके, सध्या मुक्काम सिक्कीम.

नंदकुमारांनी तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका कार्यालयात फायलींवर ‘पूर्तता व्हावी’ असा शेरा मारला होता. निवृत्तीनंतर तो शेरा मारायला फायली उरल्या नाहीत, म्हणून सनदा आल्या. प्रत्येकीच्या मागे ते पेन्सिलीने तीन ओळी लिहीत: जन्म, नियुक्ती, मृत्यू. माहिती मिळेल तशी भरत. पहिल्या तीन सनदा पूर्ण होत्या. पुढच्या तिन्हींची तिसरी ओळ कोरी होती.

आश्लेषाची सनद चौकटीत बसवताना हात सवयीने चालला. तिच्याही मागे त्यांनी तिन्ही ओळी लिहिल्या. तिसरीचा ‘मृत्यू’ हा शब्द लिहून झाल्यावर लक्षात आलं. पण सरकारी कागदावर खाडाखोड नको, म्हणून तशीच ठेवली.

दर रविवारी सकाळी ते चौकटी उघडून आतल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलत. सप्टेंबरातल्या एका रविवारी चौथ्या सनदेची तिसरी ओळ भरलेली दिसली. ‘मृत्यू: १४ मार्च १९४४, इम्फाळजवळ.’ अक्षर त्यांचंच होतं. ‘म’चा खालचा फराटाही त्यांचाच.

“झोपेत लिहिलं असेल,” त्यांच्या पत्नी रागिणीबाई म्हणाल्या. “ऑफिसातही तेच करत होतात.”

त्यांनी इंग्लंडमधल्या एका लष्करी संग्रहालयाला ईमेल केला. चार दिवसांत उत्तर आलं. तारीख बरोबर होती.

पुढच्या रविवारी पाचवी भरली होती.

नंदकुमारांनी घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून बायकोला तिच्या कपाटात कुलपात ठेवायला दिल्या. मग आश्लेषाची सनद काढली आणि तिच्या मागची तिसरी ओळ, तो एक शब्द, रबराने पुसला. कागदाची लव निघेपर्यंत पुसला. सकाळी चहाआधी पाहिलं. शब्द जागेवर होता. पुढे जागा कोरी.

त्यांनी तिला फोन लावला.

“बाबा, ठीक हूँ मैं, यार,” ती म्हणाली. “दिवाळीला येतेय, पक्का. तुमचा आवाज असा का येतोय?”

“रेंज नाहीये इकडे,” ते म्हणाले.

हे ओळीने चाललं होतं, डावीकडून उजवीकडे, एक एक. आश्लेषाच्या आधी आता एकच चौकट होती. ते पंचकुल्याला त्यांच्या नेहमीच्या जुन्या कागदांच्या दुकानात गेले. मिळतील तितक्या सनदा द्या म्हणाले.

“अंकलजी, अब माल कहाँ,” दुकानदार म्हणाला. “फौजियों के पोते होशियार हो गए, ख़ुद ऑनलाइन बेचते हैं.”

पाच ऑक्टोबरच्या रविवारी सहावी भरली.

नंदकुमारांनी माळ्यावरची ट्रंक काढली. आतलं स्वतःचं नियुक्तीपत्र काढलं, कनिष्ठ लिपिक, तात्पुरत्या स्वरूपात. कपाटातली एक पेन्सिल मागून घेतली. मागे लिहिलं: जन्म. नियुक्ती. मृत्यू. पहिल्या दोन ओळी भरल्या, पेन्सिल परत दिली. चौकट सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये टांगली.

“अगं बाई! कनिष्ठ लिपिकालाही तोफांची सलामी का आता?” रागिणीबाई म्हणाल्या.

“जागा होती,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी, बारा तारखेला, त्यांनी आधी आश्लेषाची चौकट उघडली. तिसरी ओळ कोरी होती.

मग स्वतःची उघडली.

ओळ भरली होती.

अक्षर त्यांचं नव्हतं.

उजवीकडे झुकलेलं, घाईचं. तारखेतल्या इंग्रजी साताला मधोमध आडवी रेघ. ‘सरकारी कागदावर असला सात चालत नाही,’ म्हणून ज्या मुलीला ते बारावीपर्यंत रागावत आले, तिचा सात. म्हणजे ही ओळ लिहायला ती मागे असणार होती.

त्यांनी हळूच श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तो पूर्ण सुटला.

मग पुन्हा वाचलं. 17 ऑक्टोबर. साल हेच.

नवी पुडी ठेवून त्यांनी चौकट बंद केली, काच पुसली, खिळ्यावर टांगून सरळ केली.

“अगं,” त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, “आशूला फोन लाव. दिवाळीची वाट बघू नको म्हणावं. गुरुवारपर्यंत ये.”

“एवढी कसली घाई?”

“घाई नाही,” नंदकुमार म्हणाले. “येताना पेन्सिल घेऊन ये म्हणावं. घरातल्या तू कुलपात ठेवल्यास.”