समूच्या घड्याळातलं ऊन

जिन्याच्या पहिल्याच वळणावर लाइट गेली.

"मम्मी, माझा काजवा बघ." समूने मनगट वर केलं.

चार वर्षांच्या समृद्धीच्या मनगटावर फुलपाखराचं घड्याळ होतं. मार्चमधल्या वाढदिवसाला मिळालेलं. काटे आणि आकडे रेडियमचे. त्याला ती काजवा म्हणायची.

कल्पिताने पाहिलं. काजवा होता, पण मरगळलेला. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो फिकट झाला. दाराशी पोहोचून कुलपात किल्ली शोधेपर्यंत विझून गेला.

कल्पिताचा हात कुलपावरच राहिला.

दुपारी साडेचारला रसिकाताईंनी नेहमीसारखा फोटो पाठवला होता. शाळेच्या पिवळ्या टी-शर्टमध्ये समू, बागेतल्या झोक्यावर, लख्ख उन्हात. रसिकाताई म्हणजे मयूरची मोठी बहीण, समूची आत्या. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. बालवाडी सुटली की समूला आणायच्या, जेवू घालायच्या, बागेत न्यायच्या. संध्याकाळी ठाण्याहून येताना कल्पिता समूला घरी घेऊन यायची. गेले नऊ महिने हे असं सुरळीत चाललं होतं.

"आज काय काय केलंस गं?"

"झोका खेळले, घसरगुंडी खेळले, आत्याने पाणी दिलं, मग घरी आलो."

काल हेच सांगितलं होतं. परवाही. याच क्रमाने.

कल्पिताने तिला कडेवर घेतलं. केसांना डांबरगोळ्यांचा वास येत होता.

लाइट आल्यावर समूचे हातपाय धुताना तिने घड्याळ काढलं. उन्हाळ्यात पट्ट्याखाली गोरा पट्टा उमटला होता. समू तो सगळ्यांना दाखवत फिरायची. आता मनगट एका रंगाचं झालं होतं.

रात्री जेवताना तिने विषय काढला.

"मयूर, समूचं घड्याळ चमकत नाहीये."

"सेल गेला असेल."

"रेडियमला सेल कुठे लागतो? आणि याला रेडियम म्हणतात एवढंच. ते यात औषधालाही नसतं. हा रंग उजेड पितो आणि अंधारात परत देतो. दुपारभर उन्हात असलेलं घड्याळ इतक्यात विझणार नाही."

"मग? घड्याळ खोटं बोलतंय?"

"कुणीतरी बोलतंय."

मयूर हसला. "कल्पू, लॅबमधलं लॅबमध्ये ठेव ना. ताईवर संशय घेणार आता? घड्याळावरून?"

कल्पिताने पानातला भात कालवला. ठाण्याच्या रंग कंपनीत तिचं काम एवढंच होतं: रंग दिलेले पत्रे गच्चीवर उन्हात मांडायचे, अर्धे झाकायचे, आणि उघड्या अर्ध्याचा रंग किती उडाला ते बघायचं. ऊन लपत नाही, हे ती नव्या मुलींना सांगायची. मयूरला सांगून काही उपयोग नव्हता. त्याच्या मते कल्पिताला काळजीचं व्यसन होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समूला आणलं तेव्हा काजवा पेटलेला होता. जिन्यात तिने हाताच्या ओंजळीत धरून पाहिलं, हिरवागार. जेवणं झाली, गाद्या घातल्या, तरी अंधारात आकडे वाचता येत होते.

"बघ," मयूर म्हणाला. "आता माफी माग ताईची. मनातल्या मनात माग, चालेल."

"मागते."

समूला झोप लागली तशी कल्पिता तिचं घड्याळ काढायला वाकली. पट्टा उलटा बांधलेला होता. सहाचा आकडा वर, बाराचा खाली. समूला बक्कल लावता येत नव्हतं, काढताही येत नव्हतं. सकाळी कल्पिताने स्वतः बांधलं होतं, सरळ.

तिने घड्याळ दिव्याखाली धरलं. तबकडीवरचं फुलपाखरू. नवं असताना ते राणी रंगाचं होतं. उन्हाळाभर बागेत जाऊन जाऊन त्याचे पंख उडाले. दिवाळीला तर ते जवळजवळ पांढरं दिसत होतं.

तिने मोबाइल उघडला. आजचा फोटो. समूने झोक्याची साखळी धरली होती, घड्याळ समोर. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

फोटोतल्या फुलपाखरावर तिचं बोट थांबलं. मग कालचा बघितला, परवाचा, त्याआधीचे. मोबाइल उपडा ठेवला आणि समूच्या अंगावरचं पांघरूण उगाचच नीट केलं.

शुक्रवारी ती डबा घेऊन नेहमीसारखी घराबाहेर पडली. ठाण्याला गेली नाही. दुपारी रसिकाताईंच्या सोसायटीच्या गेटवर उभी राहिली. वॉचमन सीताराम खुर्चीत बसून संत्रं सोलत होता.

"रसिकाताई आहेत वर?"

"नाही मॅडम. दुपारच्या कुठं असतात त्या?"

"समूला घेऊन बागेत गेल्या असतील."

"बागेत कशाला रिक्षा लागेल? बाग तर ही काय, समोर." त्याने सालीने दाखवलं. "मीच रिक्षा थांबवून देतो ना रोज. दोघींना."

"कुठली रिक्षा?"

"विठ्ठलवाडीची. पडद्यांच्या दुकानात कामाला लागल्यात ना दिवाळीपासून." सीताराम थांबला. "तुम्हाला माहीत असेल म्हणून बोललो मी."

"माहीत आहे," कल्पिता म्हणाली. "रिक्षा मलाही थांबवून द्या."

रिक्षात मोबाइल वाजला. आजचा फोटो. समू झोक्यावर, लख्ख ऊन. खाली रसिकाताईंचा मेसेज: 'उतरायलाच तयार नाही बघ.'

दुकान शोधावं लागलं नाही. स्टेशनजवळच्या गल्लीत दारावर पडदेच पडदे. रसिकाताई काउंटरवर एका गिऱ्हाइकासमोर कापड उलगडत होत्या. कल्पिताला पाहून कापड हातातच राहिलं.

"समू कुठाय?"

"अगं, तू आज इकडे..."

"ताई, समू कुठाय?"

रसिकाताईंनी कापड काउंटरवर ठेवलं. नजर मात्र मागच्या दाराकडे गेली.

दाराला बाहेरून कडी होती.

आत खिडकी नव्हती. कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले, डांबरगोळ्यांचा डोळ्यांत झोंबणारा वास. कल्पिताने आधी छताकडे पाहिलं. उघड्या वायरी. कापड, एकच दार, बाहेरून कडी. तिला सगळं एका क्षणात पेटलेलं दिसलं.

मग गठ्ठ्यांवर झोपलेली समू दिसली. श्वास चालू आहे का हे तिने नाकाशी बोट धरून बघितलं. रसिकाताई मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "झोपतेच गं ती दुपारची. कडी फक्त रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मी दर थोड्या वेळाने बघते." कल्पिताला ऐकू येत होतं, पण दुरून आल्यासारखं.

समूने डोळे चोळले.

"घड्याळ कुठाय गं तुझं?"

"आत्याच्या गॅलरीत. ऊन खातंय."

संध्याकाळी कल्पिताच्या घरात तिघं बसले. समू आतल्या खोलीत रंगवत होती. येताना रसिकाताईंच्या गॅलरीतून घड्याळ आणलं होतं. मयूरला कल्पिताने फोनवर एवढंच सांगितलं होतं, समू गोदामात सापडली, घरी ये. तो आला तो थेट बहिणीवर.

"ताई, काय ऐकतोय मी हे? आमची मुलगी कडी लावून ठेवलीस? आम्ही डोळे मिटून विश्वास टाकला तुझ्यावर."

रसिकाताईंनी मान वर केली. भावाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"मयूर, जरा थांब," कल्पिता म्हणाली. "मला काही विचारायचंय. ताईंना नाही, तुला."

"मला काय?"

"बुधवारी घड्याळ चमकत नव्हतं. ट्यूबलाइटचा उजेड जिना चढेपर्यंत पुरतो, उन्हाचा झोपेपर्यंत. समूने दिवसभर ऊन पाहिलं नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळलं. मी कुणाला सांगितलं?"

"मला सांगितलंस."

"आणखी कुणाला?"

मयूरने पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"कुणालाच नाही. आईलाही नाही. आणि दुसऱ्याच दिवशी घड्याळ रात्री झोपेपर्यंत पेटलेलं. पण उलटं बांधलेलं. म्हणजे ते काढलं होतं, उन्हात ठेवलं होतं, घाईत परत बांधलं होतं. घड्याळ उन्हात गेलं, समू गेली नाही. तिच्या मनगटावर पट्ट्याची खूणही उरलेली नाही. ताईंना घड्याळाचं कुणी सांगितलं?"

"ते... बोलता बोलता सहज बोललो असेन मी. त्यात काय? ताईने त्याचा फायदा घेतला."

"बरं. मग फोटो." तिने मोबाइल टेबलावर ठेवला, शेजारी समूचं घड्याळ. "फुलपाखरू बघ. घड्याळातलं पांढरं पडलंय. आज आलेल्या फोटोतलं राणी रंगाचं आहे. उडालेला रंग परत येत नाही मयूर, मी पोटापाण्यासाठी तेच बघते. हे फोटो घड्याळ नवं असतानाचे आहेत. वाढदिवसानंतरच्या आठवड्यातले."

"असतील. ताईकडे जुने पडलेले असतील."

"त्या आठवड्यात ताई कुठे होत्या?"

मयूरने बहिणीकडे पाहिलं.

"गावी," रसिकाताई हळूच म्हणाल्या.

"गावी. म्हणून तू रजा घेतलेलीस. शाळेतून परस्पर बागेत न्यायचास तिला, युनिफॉर्मवरच. पन्नास-साठ फोटो काढलेस. मला पाच-सहा दाखवलेस, बाकीचे तुझ्या फोनमध्ये. युनिफॉर्म रोजचाच, त्यामुळे दिवस कळायचा नाही. हे फोटो ताईंकडे असणं शक्यच नाही, तू रोज एक दिल्याशिवाय."

मयूरने घड्याळ हातात घेतलं, पालथं केलं, परत ठेवलं.

"ताईंनी दुपारपासून तुझं नाव घेतलेलं नाही," कल्पिता म्हणाली. "दुकानात नाही, रिक्षात नाही, इथे तू त्यांच्यावर ओरडलास तेव्हाही नाही."

आता रसिकाताई बोलल्या. "मी म्हटलेलं रे तुला. दिवाळीतच म्हटलेलं. मला नोकरी मिळतेय, मला आता घराबाहेर पडायचंय, कल्पिताला सरळ सांग. तर म्हणालास, समूलाही घेऊन जा, कल्पूचं मी बघतो." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि आज मलाच विचारतोस विश्वासाचं."

"काय सांगणार होतो?" मयूरचा आवाज चढला. "हिला? चार पाळणाघरं बघितली, चारही नापास. एकाचा जिना वाईट, एकाची बाई मोबाइल बघते. नोकरी सोडते म्हणून महिनाभर रडली असतीस. समूला सांभाळणं सोपं आहे गं. तुला सांभाळणं अवघड आहे."

"म्हणून तू मला रोज एक फोटो पाठवायचास."

"तू बरी असायचीस त्याने. साडेचारला फोटो आला की तुझा चेहरा बदलायचा. तूच सांगितलेलं."

तिनेच सांगितलं होतं. लॅबमध्ये साडेचारला ती फोन उघडायची, फोटो बघून शेजारच्या मुलीला दाखवायची आणि मग चहा प्यायची. ते ऊन नऊ महिन्यांपूर्वीचं होतं. तिला ठाऊक असलेल्या सगळ्या रंगांमध्ये इतका टिकलेला एकही नव्हता.

"गोदामाला खिडकी नाही, हे माहीत होतं तुला?"

मयूरने होकारार्थी मान हलवली.

"कडीचं?"

"दुपारचं तासभरच लावतात, म्हणालेली ताई."

कल्पिता उठली. घड्याळ उचललं. "मी समूला घेऊन आईकडे चाललेय, शहाडला. ताई, तुम्ही तुमचं काम सोडू नका. तुमच्याशी भांडायचं आहे मला, पण ते नंतर."

"आणि मी?" मयूरने विचारलं.

कल्पिता आतल्या खोलीकडे वळली. 

आतल्या खोलीत समूने कागदावर झोका काढला होता. वर पिवळा गोल सूर्य. कल्पिता तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, बाराचा आकडा वर.

"आज दुपारी काय केलंस गं पिल्लू?"

समूने उघड्या दारातून बाहेर पप्पांकडे पाहिलं. मग आईकडे. खडू बाजूला ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"पप्पांनी शिकवलेलं सांगू, की खरं?"