भिंगापाशी दुसरं कुणी

शामकलाने सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकवला आणि दचकून मागे सरली. वरची कडा उबदार होती... आत्ताच कुणीतरी तिथून डोळा उचलावा तशी! खाली तिने न ठेवलेली काच होती. काचेवर तलावाच्या पाण्याचा ताजा थेंब, आणि थेंबात शेवाळाचे हिरवे मणी गरगर फिरत होते. इतकं देखणं शेवाळ तिला बोदलकशाच्या या तलावात कधी सापडलं नव्हतं.

"चैतराम, खोलीत कोण आलं होतं?"

बंगल्याचा म्हातारा चौकीदार दारातूनच म्हणाला, "ईश्वरदास सायेब येऊन गेले ना, बाई. कायले घाबरून राहिल्या?"

ईश्वरदास नावाचा माणूस जगात नव्हताच! तो तिनेच जन्माला घातला होता, अर्जावर. विद्यापीठाची अटच तशी. एवढं महागाचं यंत्र एकट्या माणसाला नाही. दोघा संशोधकांनी मिळून वापरलं, तरच अनुदान. या रानातल्या तलावावर तिच्यासोबत यायला एकही बहाद्दर तयार होईना, तेव्हा पोरीने दिलं एक नाव ठोकून! लबाडी उघडी पडली असती तर यंत्र परत गेलं असतं, आणि तिचं संशोधनही बुडालं असतं. म्हणून तर ते नाव तिने इथे कुणापाशी उच्चारलंही नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग गोरेगावच्या आठवडी बाजाराचा दिवस उलटला आणि रोज सकाळी नवी काच दिसू लागली. कधी पाणपिसवा हा ठिपक्याएवढा जलजीव, कधी कमळाच्या देठाचा पातळ काप. पाण्यावर धुकं साचलेलं असे, बगळेही गप्प... आणि पाठीमागे कुणी श्वास घेतंय असं तिला वाटे. भीती वाटायची हो, खूप वाटायची. पण भुतासाठी कुणी नवं पातळ नेसतं का? शामकला नेसली! एके दिवशी तर तिनेही भाताच्या फुलाची काच त्याच्यासाठी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. धुक्यातून दार उघडलं, तर भिंगावर एक पाठ वाकलेली.

"ईश्वरदास...?" तिने दारातूनच विचारलं.

तो वळला. सावळा, तरतरीत, हातात भाताच्या फुलाची काच.

"काऊन जी, तुमचाच माणूस, अन् तुम्हीच घाबरता?" तो हसला. "मी खुशाल कटरे. गोरेगावचा. विद्यापीठानं धाडलं, यंत्र खरंच दोघं वापरतात का ते पाहायले. चैतरामले मात्र ईश्वरदास सांगितलं."

शामकलाने यंत्रावर हात ठेवला. "मग... नेणार यंत्र?"

"न्यायलेच आलो होतो. पण मलाही मासळीच्या रोगांवर काम करायचं आहे. कळवून टाकतो, दुसरा संशोधक आहे म्हणून. मीच!"

"यंत्रासाठी?"

"यंत्रात पाहायले एक डोळा पुरतो, शामकलाबाई. दुसरा रोज खिडकीतून तुमची वाट पाहून राहिला."

ती लाजली. इतके दिवस जिवाला लागलेला घोर सुटला, आणि त्या जागी दुसरीच गोड धडधड सुरू झाली. "माझाही जीव लागला होता," तिने सांगूनच टाकलं. "त्या पहिल्या हिरव्या मण्यांपासूनच."

"कोणते मणी?"

"पहिल्या दिवशीचे. चैतरामने ईश्वरदास सांगितला तेव्हाचे, बाजाराच्या आधी..."

खुशालचं हसू मावळलं. "मी तर बाजार करून मगच इथं आलो, जी. पहिली काच पाणपिसव्याची ठेवली."

खुशालने मघाच बाजूला काढून हातात घेतलेली ती फुलाची काच अजून त्याच्याच हातात होती. पण सूक्ष्मदर्शकाखाली दुसरी काच होती. शामकलाने वाकून पाहिलं. हिरवे मणी हळूहळू फिरत होते. काचेवरचा थेंब अजून ओला होता.

तिने खुशालचा हात घट्ट धरला. त्यानेही सोडला नाही.

"कळवाल तेव्हा..." ती कुजबुजली, "तिघं वापरतात म्हणून कळवा."