बाई घरी नाहीत

मी भुताखेतांना मानणारी बाई नव्हते. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर चपलेने बाजूला सारून पुढे जायचे. तेव्हा हे मी रचून सांगतेय असं ज्याला वाटेल, त्याने इथेच थांबावं. या वयात वाद घालायला माझ्यात ताकद नाही.

हे घडलं ठाण्यात, नौपाड्यात, आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये. साल १९९२.

आणि रात्री नाही हं. भर दुपारी. रविवारी चार वाजता.

मी हेमा दामले. तेव्हाही तळमजल्यावर राहायचे, आजही तिथेच आहे. यजमानांनी त्र्याऐंशी साली फोनसाठी नंबर लावलेला. फोन आला नव्वदला. तोवर यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा आनंद मस्कतला नोकरीला गेला होता. घरात मी आणि तो काळा डबा.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच फोन. म्हणजे काय, ते आजच्या पोरांना नाही कळायचं. सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना माझा नंबर देऊन ठेवलेला. पी.पी. नंबर म्हणायचे त्याला. फोन यायचा तो दुसऱ्यांचा, आणि जिने चढून बोलवायला जायचं मी. काय हौस होती का मला?

सगळ्यात जास्त फोन तिसऱ्या मजल्यावरच्या ओगले नानांना. त्र्यंबक ओगले. एकटेच राहायचे, कानाने कमी ऐकायचे, त्यामुळे खालून हाक मारून भागायचं नाही. त्यांची मुलगी नीला जबलपूरला दिलेली. दर रविवारी चारला तिचा फोन.

मी वर जाऊन दार ठोठावायचे. "नाना, नीलाचा फोन आलाय."

नाना तयारच असायचे. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट घालून. फोनवर कोण बघणार होतं त्यांना? पण नाही. ते जुन्या वहाणा फटफट वाजवत खाली यायचे, आणि त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी बाहेर जिन्यावर बसून राहायचे.

मे महिन्यातला एक रविवार. उकाड्याने जीव नकोसा झालेला. गुडघा ठणकत होता, हात कुरडयांच्या चिकाने बरबटलेले. चार वाजता फोन वाजला.

"काकू, बाबांना बोलावता का?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "नाना घरी नाहीत गं."

आणि ठेवून दिला.

सहा वाजता नाना स्वतःच खाली आले. तोच इस्त्रीचा शर्ट. दोन तास बसून चुरगळलेला.

"हेमाताई, नीलाचा फोन आला नाही का हो आज?"

मी खरं सांगायला हवं होतं. पण लाज वाटली. "नाही हो नाना," म्हटलं.

ते "बरं" म्हणाले आणि कठडा धरून हळूहळू वर गेले.

बुधवारी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, तर उघडेना. नाना झोपेतच गेले होते.

नीला आली. तेरा दिवस राहिली. जाताना घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली आणि डोळे पुसत म्हणाली, "काकू, त्या रविवारी बाबा कुठे गेले होते हो? ते कधीच कुठे जायचे नाहीत."

मी काहीतरी पुटपुटले.

जूनच्या पहिल्या रविवारी माझा फोन मेला.

तेव्हा त्यात नवल नव्हतं. सगळ्यांचेच मरायचे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी तक्रार नोंदवली. "दोन दिवसांत होईल, बाई." दोन दिवस गेले. आठ गेले. पुन्हा तक्रार, पुन्हा नवा तक्रार नंबर. जुन्याचं काय झालं विचारलं, तर म्हणे ती तक्रार मिटली.

"मिटली काय? फोन मेलेलाच आहे!"

"आमच्याकडे मिटली असंच लिहिलंय, बाई."

अशा सहा तक्रारी केल्या. सहाच्या सहा मिटल्या.

त्यातच आनंदचं पत्र आलं. पंधरा दिवस प्रवास करून. लिहिलं होतं, "आई, करार संपतोय. जुलैअखेर सही केली तर आणखी दोन वर्षं, नाहीतर कायमचा घरी. तू म्हणशील तसं करतो. रविवारी फोन करेन, तेव्हा सांग."

अहो, मला त्याला सांगायचं होतं, ये. बाकी काही नको, ये. एवढा एकच शब्द. पण तो राहायचा त्या कॅम्पात फोन नव्हता. तो बाहेर जाऊन मला करायचा, मी त्याला करू शकत नव्हते. पत्र टाकलं लगेच, पण ते वेळेवर पोचेल याची खात्री कुणी द्यावी?

रविवारी मी त्या मेलेल्या फोनपाशी बसून राहायचे. चार वाजायचे. रिसीव्हर कानाला लावायचे...

काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

शेवटी एकदा लाईनमन आला. काळुराम म्हणून होता, खाडीपलीकडच्या गावातला. जिन्याखालची पेटी उघडून त्याने आपला फोन तारांना लावला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग पेटी बंद केली.

"ताई, लाईन चालू हाय."

"मग घरात का वाजत नाही?"

तो माझ्याकडे बघेना. "तुमच्या घरात अजून कोन राहातं?"

"कोणी नाही. मी एकटी."

काळुरामने चहासुद्धा घेतला नाही. लाईनमन आणि चहा न घेता गेला! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात मी टेलिफोन ऑफिसात धडकले. म्हटलं, आज उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. तक्रारींच्या टेबलावर एक साधा, बरा माणूस होता. त्याने वही काढली.

"बाई, आमची पद्धत आहे. लाईन तपासली की इथून त्या नंबरवर फोन करायचा. उचलणाऱ्याला विचारायचं आणि शेरा लिहायचा. हे बघा."

मी वाचलं. सहा तारखा. सहा शेरे. अक्षरं वेगवेगळी, मजकूर एकच.

वयस्क गृहस्थांनी फोन घेतला. फोन चालू आहे म्हणाले. बाई घरी नाहीत.

"माझ्या घरात कोणी गृहस्थ नाही हो."

"कसं शक्य आहे? मी स्वतः बोललोय दोनदा."

"आत्ता लावा," मी म्हटलं. "माझं घर बंद आहे. किल्ली ही इथे, पर्समध्ये आहे."

त्याने नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

घंटा वाजत होती. माझ्या बंद घरात.

मग आवाज आला... वहाणांचा. फट... फट... फट. जिना उतरून कुणी यावं तसा.

रिसीव्हर उचलला गेला.

"हॅलो... बाई घरी नाहीत."

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. मग...

"नीलाचा फोन आला नाही का हो आज?"

त्या माणसाने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. त्याच्या वहीत त्या दिवशी काय शेरा पडला, मला माहीत नाही.

घरी आले. कुलूप जसंच्या तसं. दोन दिवस मी बाहेरच्या खोलीत पाऊलच टाकलं नाही.

मग सव्वीस जुलैचा रविवार आला. मनाशी म्हटलं, हेमे, जे तेव्हा केलं नाहीस ते आता कर.

चार वाजता रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवला, नेहमी ठेवायचे तसा. जिने चढले. तिसरा मजला. नानांच्या दाराला नीलाने लावलेलं कुलूप तसंच होतं, त्यावर धूळ.

मी दार ठोठावलं.

"नाना... नीलाचा फोन आलाय. चला."

सामसूम.

"नाना, तेव्हा मी खोटं बोलले. आला होता तिचा फोन. मलाच चढायचा कंटाळा आला. चुकलं माझं."

रडायलाच आलं मला. डोळे पुसले आणि उतरायला लागले.

दुसऱ्या मजल्यावर आले आणि मागून...

फट... फट... फट.

मी वळून बघितलं नाही. नाकाला मात्र इस्त्रीच्या गरम कापडाचा वास आला, अगदी जवळून. खाली आल्यावर दारातून बाजूला झाले आणि नेहमीसारखी जिन्यावर बसले. दहा मिनिटं. आतून काही ऐकू आलं नाही.

आत गेले, तर रिसीव्हर जागेवर ठेवलेला होता. मी नव्हता ठेवला.

आणि फोन वाजला.

"आई! अगं, मिळालीस एकदाची! आठ रविवार फोन करतोय. ते आजोबा उचलतात आणि म्हणतात बाई घरी नाहीत. कोण गं ते?"

"आनंद, ये," मी म्हटलं. "तू ये बाबा."



"आई... मी गुरुवारीच सही केली गं. दर वेळी घरी नसतेस, म्हटलं रमलीयस तू. उगाच कशाला येऊन तुझ्या मागे लागू?"

माझं पत्र त्याला सोमवारी मिळालं.

दोन वर्षांची चार झाली. मग तिथून तो कॅनडाला गेला, तिथेच लग्न, तिथेच घर. चांगला आहे पोरगा. दर रविवारी फोन करतो. पण येत नाही.

फोन त्यानंतर कधीच मेला नाही. कारण मी दर रविवारी चारला वर जाते. तिसऱ्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांना वाटतं म्हातारीला भ्रम झालाय. वाटू दे. मी दाराबाहेरूनच हळू आवाजात सांगते आणि खाली येऊन जिन्यावर बसते.

तो काळा फोन काढून टाकला त्याला बारा वर्षं झाली. तरी जाते.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एक रविवार चुकला. पलंगावर पडून होते, मोबाईल सबंध दुपार हातात. वाजला नाही. सोमवारी आनंदचा फोन आला.

"आई, काल कुठे होतीस? त्या आजोबांनी उचलला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखला मी त्यांचा."

मी विचारलं नाही ते काय म्हणाले.

आज रविवार आहे. चारला दहा मिनिटं कमी आहेत. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीय. काठी कुठे ठेवली ते बघते आणि निघते.