सोडलेली जागा

वाचनालय पुन्हा उघडलं, तेव्हा वाचकांपेक्षा जास्त आनंद तिला झाला. माणसं पुस्तकं वाचायला येणार होती आणि ती माणसांना बघायला. साथीच्या काळात, दटावायला कोणी नसताना, लोक एकमेकांपासून किती लांब बसतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. वरच्या सज्जात बसून ती खालच्या दालनाच्या नकाशावर टिकल्या चिकटवायची, प्रत्येक वाचकामागे एक. ग्रंथपालबाईंनी तिचं नावच 'दुर्बीण' ठेवलं होतं.

घरी मात्र या विषयाची रोज फजिती व्हायची. आईची फुफ्फुसं आधीच अधू. यांना संसर्ग झाला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मुलगी बाहेरच्या खोलीत झोपायची आणि आईशी बोलायची ती दारातून. आईला हे मुळीच मान्य नव्हतं. बोलता बोलता ती पुढे सरकायची आणि लेकीच्या गालाला हात लावायला बघायची.

"आई, लांब!"

"नऊ महिने पोटात होतीस, तेव्हा कुठे गेलं होतं गं तुझं अंतर?"

मुलगी हसायची आणि मग बराच वेळ हात धूत बसायची. आपल्या पायाने घरात काही येऊ नये, ही एकच धास्ती तिला सतत खायची.

टिकल्या लावता लावता खिडकीजवळची खुर्ची तिच्या लक्षात आली. दालनातला सगळ्यात चांगला उजेड तिथे पडायचा. एरवी त्या खुर्चीसाठी लोक हमरीतुमरीवर आले असते. इथे बसू नये म्हणून काही खुर्च्यांवर लावलेली फुलीची पट्टीही तिच्यावर नव्हती, तरी कोणी बसत नव्हतं. बरं, नुसती ती खुर्चीच रिकामी असती तरी समजण्यासारखं होतं. पण आजूबाजूच्या खुर्च्याही लोक सोडत होते. तिथे एखादा वाचक बसला असता तर त्याच्याभोवती जेवढी जागा सुटली असती, तेवढीच सुटत होती.

तिने मार्गदर्शक सरांना फोन केला.

"अगं, पंख्याचा वारा लागत असेल, नाहीतर ऊन," सर म्हणाले. "आणि एक लक्षात ठेव. आपण बघे. खाली उतरून लुडबुड करायची नाही."

पंखा तिथे नव्हताच. ऊन दुपारनंतर यायचं आणि जागा तर सकाळपासून सुटायची. शेवटी न राहवून तिने रोज येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना जिन्यात गाठलं.

"काका, तुम्ही खिडकीजवळ का नाही बसत?"

"तिथे कोणीतरी बसलेलं असतं ना."

"कोण?"

शिक्षक सांगायला गेले आणि थांबले. मास्क उगाचच सारखा केला.

"खरंच की. कोण बरं?"

कसनुसं हसून ते भराभर जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी तिने सरांचा नियम मोडला. दालन उघडताच ती तडक खाली गेली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. काहीही झालं नाही. बसायची फळी तेवढी कोमट लागली, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. खिडकीजवळ वाचक बसू लागले, टिकल्या जिथे पडायला हव्यात तिथे पडू लागल्या. तिच्या जिवात जीव आला. आपण काय केलं, हे मात्र तिने सरांना सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी बसच्या रांगेत तिने सहज मागे पाहिलं. मागचा माणूस जरा जास्तच मागे उभा होता. दोघांच्या मधे आणखी एक जण उभा राहील, एवढा. ती पुढे सरकली. तोही सरकला, पण जागा तेवढीच राहिली. बसमध्ये तिच्या शेजारची सीट रिकामी होती. उभ्या असलेल्या एका बाईने तिकडे पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

साथ आहे, तिने मनाला समजावलं. लोक घाबरलेत, दुसरं काय.

दार आईनेच उघडलं. नेहमीप्रमाणे हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

आई मागे सरली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत सरली.

"काय झालं गं आई?"

"काही नाही."

आई तिच्याकडे बघत नव्हती. तिची नजर लेकीच्या खांद्यामागून निघाली, सावकाश खोली ओलांडून आतल्या दारापर्यंत गेली. वाट द्यावी तशी ती अंग चोरून उभी होती.

"आई, आत नको जाऊस."

"दमलेय गं. पडते जरा."

आई आत गेली. मुलगी धावत दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. आईच्या जवळ जायचं नाही, हे इतके दिवस अंगात मुरलेलं. 

आई पलंगाच्या अगदी कडेला बसली होती. उरलेला पलंग मोकळा होता.

"नीट बस ना. पडशील."

"राहू दे. मला पुरतं एवढं."

आई आणखी थोडी कडेला सरकली.

मग तिला खोकला आला. शेजारच्याच्या अंगावर जाऊ नये, म्हणून तिने तोंड दुसरीकडे वळवलं.