जुळलेलं दिसत नाही

रविवारी दुपारी धाकटी तळघरातल्या एनएमआर यंत्राकडे, रेणू टिपणाऱ्या त्या मोठ्या चुंबकाकडे, आली. हातात काचेची बारीक नळी होती, ताईनं बनवलेल्या द्रावणाची शेवटची. ताई जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या सहा वर्षांच्या कामाला परीक्षकांनी थोतांड ठरवलं होतं, आणि तो ठपका खोडून काढायला आता ही एकच नळी उरली होती.

"घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवा," ऑपरेटरकाका म्हणाले. "हा चुंबक कुणाचा सगासोयरा नाही. मागं एक साहेब बँकेचं कार्ड कोरं करून घेऊन गेले." एवढं सांगून ते जेवायला गेले.

नळी तापवली की तिच्यातले अतिसूक्ष्म कण फुटून रेणू सुटे होतात आणि पडद्यावर त्यांच्या रेषा सुईसारख्या उभ्या राहतात. गार केली की, ताईच्या दाव्याप्रमाणे, रेणू पुन्हा जुळतात, कण जड होतो, रेषा पसरत पसरत पुसली जाते. जुळलेलं या यंत्राला दिसत नाही, ताई सांगायची. एकदा केलेलं कुणी मानत नाही म्हणून धाकटीनं हे चक्र तीनदा लावून ठेवलं.

नळी तापली, रेषा उगवल्या. आणि खोलीत ताईच्या साबणाचा वास आला. मग दाराशी तिचा खोकला... मग नुसताच चपला घासल्याचा आवाज. धाकटीला भीती वाटली नाही, झोपेत वाटत नाही तशी.

नळी गार झाली. रेषा विरल्या. ताईचं खरं होतं! धाकटीला रडू आवरेना. वास गेला, आवाज गेले, आणि तिच्या खांद्यावर एक हात टेकला. चांगला जड, अख्खा हात.

"ताई...?"

"वळू नकोस... दिसणार नाही मी."

"मग अशीच बस ना जवळ."

"तू तीनदा लावलंयस ना गं..."

 पडद्यावर तापमान पुन्हा चढत होतं. थांबवावं तर ताईचं काम बुडणार, न थांबवावं तर ताई. तिचा हात बटणापाशी गेला.

"राहू दे," ताई म्हणाली. "होऊ दे पुरं."

खांद्यावरची बोटं एकेक करून सुटली. पडद्यावर रेषा उभ्या राहिल्या, मघापेक्षा कितीतरी जास्त. मोजायला धाकटीनं बोट टेकवलं, तर काचेचा स्पर्शच कळेना. तिला फार हलकं वाटत होतं. मग हळूहळू गारवा आला, आणि कुणीतरी तिला घट्ट कुशीत घेतलं.

काका जेवून परतले तेव्हा तिन्ही चक्रं झाली होती. पडदा कोरा होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"गेल्या वाटतं बाई," ते पुटपुटले.

"काका, मी इथंच आहे..." धाकटी म्हणाली.

काकांनी दिवा मालवला.