कोपऱ्यापर्यंतचं सारवण

आता रीताचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात, समुद्रपूरच्या पुढं, नदीकाठच्या गाळात तिला पहिल्यांदाच उत्खननाचा स्वतःचा खड्डा मिळाला होता. पुरुषभर खोल गेल्यावर दोन हजार वर्षांपूर्वी पुरानं गिळलेलं एक घर लागलं. उंबऱ्याचा दगड निघाला, मातीची जमीन अर्धी उघडी झाली. उरलेली अर्धी समोरच्या उभ्या गाळाखाली. आणि दुसऱ्याच सकाळी ती जमीन कोणीतरी शेणानं सारवून ठेवलेली!

संशय सुलोचनाबाईंवर. मजुरीला येणाऱ्यांत त्या सगळ्यात जुन्या, उघडी जमीन दिसली की सारवायला हात शिवशिवणाऱ्या. रीतानं त्यांना खडसावलं, त्यांनी कानावर हात ठेवले. रीतानं सारवण खरवडून काढलं, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. उद्या नागपूरहून उत्खननाचे प्रमुख, सर, येणार होते. खड्ड्यात कोणी हात घातल्याचं दिसलं असतं तर काम बंद आणि रीताची नोकरीही गेलीच समजा.

म्हणून त्या संध्याकाळी तिनं खड्ड्यावर ताडपत्री ओढली, काठावर सभोवार चाळलेली राख पसरली. पाऊल उमटलं की बाईंना घरी पाठवायचं, हे तिनं पक्कं केलं.

सकाळी राखेवर चिमणीचंही पाऊल नव्हतं. ताडपत्री काढताच ओल्या शेणाचा वास नाकात शिरला. तिनं सुलोचनाबाईंना खाली बोलावलं. त्या उकिडव्या बसून सारवणात उमटलेल्या बोटांच्या कमानी निरखू लागल्या.

"मॅडम... सारवणारी बाई मांगं मांगं सरकत दाराकडे येते. ओल्यावर पाय पडू नाई म्हून." त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "हिनं दारापासून सुरू केलं. मांगं सरकत... तिकडं गेली."

तिकडं गाळाची भिंत होती. कमानी तिच्या पायथ्याशी जाऊन थांबल्या होत्या.

बाईंवर उगाच आळ घेतला याची रीताला लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त. तरी तिनं खुरपी घेतली. दोन हजार वर्षांत कोणाचा हात न लागलेला गाळ चार बोटं सुटला. त्याच्याखालीही सारवण होतं. ओलं. शेवटची कमान अर्धीच होती.

"झाकून टाका, मॅडम..." सुलोचनाबाई कुजबुजल्या. "तिचं सारवून नाई झालं अजून."

वर सरांची जीप थांबल्याचा आवाज आला. रीताला आता नोकरीचं भान नव्हतं. सुटलेला गाळ तिनं दोन्ही हातांनी परत जागेवर दाबला.

आतूनही कोणीतरी तो दाबून घेतला.