कायद्याच्या नजरेत अनोळखी

खऱ्या प्रेमाला जगातली कोणतीही सत्ता अडवू शकत नाही. मोखाड्यातल्या वकीलबाईंच्या टेबलापाशी मात्र ते मुद्रांक शुल्कावर अडलं.

ढवळू आणि गौरा पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर एका घरात राहत, एका ताटात जेवत. लग्न तेवढं राहून गेलं होतं. तरुणपणी गौरा एक गाठोडं घेऊन त्याच्या दारात आली आणि राहिली. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण. यंदा नको, पुढच्या साली करू, असं म्हणता म्हणता दोघांचे केस पिकले. पाड्यावर अशी घरं बरीच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नव्हतं. मूलबाळ झालं नाही. यंदा ढवळूच्या छातीत कळ आली, आणि जव्हारच्या डॉक्टरांनी तोंडाने थोडं आणि चेहऱ्याने बरंच सांगितलं. तेव्हापासून त्याला एकच घोर लागला... घर आणि मोगऱ्याचा मळा आपल्यामागे गौराचाच राहावा.

"बक्षीसपत्र करू," वकीलबाई प्रमिला म्हणाल्या. "बायकोला दिलं तर शुल्क नावापुरतं. या कोण?"

"बायको."

"लग्नाचा पुरावा?"

ढवळूने गौराकडे बोट दाखवलं. "ही काय."

प्रमिलाबाई हसल्या नाहीत. "कोर्टात पटवून देता येईल काका, पण त्याला वर्षं जातात. तेवढी सवड आहे का?"

ढवळूचा हात छातीकडे गेला.

"तोवर कायद्याच्या नजरेत तुम्ही दोघं अनोळखी. अनोळखी माणसाने घर दिलं तर शुल्क पूर्ण, वर आयकराचं लचांड. मृत्युपत्र केलं, तर तुमचा पुतण्या ते कोर्टात अडवू शकतो; काहीच केलं नाही, तर सगळं त्यालाच जाईल. त्यापेक्षा लग्न करा, नोंदवा, मग या."

परतीच्या जीपमध्ये गौरा मध्ये दोन माणसं सोडून बसली.

"इकडं ये ना," ढवळू म्हणाला.

"मी अनोळखी माणसाजवळ बसत नाय."

सगळी जीप हसली. ढवळूही हसला. पाड्यावर उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ती हसत नव्हती.

"कर वाचवायला लगीन?" ती म्हणाली. "मी गाठोडं घेऊन आले तेव्हा कुणाचा कर वाचवला? नको मला तुझा मळा."

"मग मी गेल्यावर राहशील कुठं?"

"अनोळखी माणसानं ते कशाला विचारावं?"

एवढं बोलून ती पाठमोरी झाली. पण पदर डोळ्यांकडे गेलेला त्याला दिसला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गौरा मळ्यात कळ्या खुडत होती. मोगरा उमलायच्या आत तोडावा लागतो, उमललेल्या फुलाला बाजार विचारत नाही. पलीकडच्या ओळीतून ढवळू आला. धुतलेला सदरा, केसांना तेल...

"बाई, हा मळा कुणाचा?"

तिने वर पाहिलं नाही. "एका म्हाताऱ्याचा. कामाला उशिरा येतो."

"एकटाच असतो?"

"त्याच्या घरात एक बाई असते. कोण, ते त्याला सांगता येत नाय."

"दिसायला कशी आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाय... लगीन झालं नसलं तर विचारावं म्हणतो."

कळी बोटांतच राहिली. "कशासाठी? मळ्यासाठी?"

थट्टेचा आवाज ढवळूला आता काढता येईना.

"चौकासाठी," तो म्हणाला.

पाड्यावर लग्न असलं की घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तो सवाशिणींनीच काढायचा, म्हणजे रीतसर लग्न लागलेल्यांनी. गौराइतकी सरळ रेघ पाड्यात कुणाची नव्हती. पण ती पीठ वाटून द्यायची आणि मागे उभी राहायची.

"दर लग्नात त्या भिंतीवर काढतात, आणि तुझं बोट हवेत हलतं," ढवळू म्हणाला. "मी बघत असतो, गौरा. बघूनसुद्धा पुढच्या साली, पुढच्या साली करत राहिलो. आता पुढचं साल माझ्याकडं आहे का, ठाऊक नाय. करतेस का लगीन?"

ती बराच वेळ टोपलीतल्या कळ्या सारख्या करत राहिली. त्या आधीच सारख्या होत्या.

"तांदूळ भिजत घालावे लागतील," ती म्हणाली.

"घातलेत."

"आणि मी नाय म्हटलं असतं तर?"

"भाकरी केली असती."

लग्न लागलं. पाड्यावरची लग्नं लावणाऱ्या धवलेरी हिराबाईने आवाज बसेपर्यंत गाऊन ते लावलं. पुतण्या माघ्याने जरा पडेल चेहऱ्याने, पण पोटभर वाढलं. मग नोंदणी झाली, बक्षीसपत्र झालं, आणि सरकारच्या मते दोघांची ओळख झाली.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या घरी लग्न निघालं. सवाशिणी बाजूला सरल्या आणि त्यांनी गौराला पुढे केलं. तिने भिंतीवर पहिली रेघ ओढली. रेघ वाकडी आली. एकीने पिठाची वाटी तिच्याकडे आणखी सरकवली.

चौक झाल्यावर ती मांडवात ढवळूशेजारी येऊन बसली. बोटांना पीठ तसंच होतं. त्याने तो हात हातात घेतला.

"मळा नसता दिलास तरी चाललं असतं," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे." तो म्हणाला. "आज काहीतरी माग, गौरा. काहीही."

"देशील?"

"जीव मागितलास तरी."

गौराने त्याच्याकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं.

"मग जरा सरक. पदरावर बसलायस."